अप्रौढ कुरव ओळखताना: नाशिककर पक्षीनिरीक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की फोनवर फोटो यायला लागतात. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावरचा एकटा पांढुरका पक्षी, भिगवणच्या नावेतून टिपलेला थवा, मांडव्याच्या बोटीमागे उडणारे कुरव (इंग्रजीत गल), आणि खाली एकच ओळ: ‘हा कोणता?’ प्रौढ पक्षी असला तर उत्तर एका शब्दात देता येतं. पण बऱ्याचदा फोटोत पहिल्या हिवाळ्यातला पक्षी असतो आणि तिथे एका शब्दावर भागत नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते सोप्याकडून अवघडाकडे असे लावून इथे ठेवले आहेत. जिथे उत्तर आधीच येऊन गेलं आहे तिथे फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाशिकला समुद्र नाही, मग इथे कुरव कसे दिसतात?

कुरव म्हणजे समुद्रच, असं काही नाही. तपकिरी डोक्याचा कुरव विणीसाठी लडाख-तिबेटच्या उंच पठारावरची तळी निवडतो. त्सो मोरिरीला उन्हाळ्यात गेलेल्यांनी तो तिथे पाहिला असेल. काळ्या डोक्याचा कुरव युरोप-आशियाच्या मोठ्या पट्ट्यात दलदलींत आणि तळ्यांकाठी घरटी करतो. अशा पक्ष्यांना गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर किंवा गंगापूर धरणाचं पाणी परकं वाटत नाही. आपल्याकडे ते साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात दिसतात, आणि थोडेच असतात. थवा निवांत बघायचा असेल तर उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला जावं. मोठ्या जातींसाठी घाट उतरून डहाणू-बोर्डी किंवा अलिबाग-आक्षीचा किनारा गाठावा लागतो.

२. पाण्यावर पांढरा पक्षी उडताना दिसला. तो कुरव की सुरय (इंग्रजीत टर्न)?

उडण्याची ढब बघा. सुरयाचे पंख अरुंद आणि टोकदार असतात. तो चोच खाली वळवून पाण्यावर फेऱ्या मारतो, सूर मारतो किंवा पाण्याच्या पृष्ठभागावरून भक्ष्य अलगद उचलतो. कुरवाचे पंख रुंद, छाती भरलेली आणि शेपूट टोकाला सपाट असते. नदी सुरयासारखी दुभंगलेली नसते. पाण्यावर बदकासारखा निवांत बसून राहिला असेल तर तो बहुधा कुरव. सुरय काठावर, खडकावर किंवा खुंटावर बसतात, पाण्यावर क्वचितच टेकतात.

नांदूरला घोटाळा होतो तो नदी सुरयाच्या अप्रौढ पक्ष्याबरोबर. त्याची चोच पिवळी आणि टोकाला काळपट असते, पाठीवर तपकिरी किनारी असतात, त्यामुळे लांबून तो कोवळ्या कुरवासारखा भासतो. त्याचे पाय पाहा. सुरयाचे पाय इतके आखूड असतात की उभा असतानाही तो बसल्यासारखा दिसतो.

३. अप्रौढ म्हणजे नेमकं कधीपर्यंत? जुवेनाईल, फर्स्ट विंटर, फर्स्ट समर यात फरक काय?

घरट्यातून बाहेर पडताना अंगावर जी पिसं असतात तो जुवेनाईल पिसारा. काही आठवड्यांत डोक्याची, पाठीची, छातीची पिसं झडून नवी येतात. पंख आणि शेपटीची मोठी पिसं मात्र तीच राहतात. हा फर्स्ट विंटर. आपल्याकडे पोचणारे लहान जातींचे कोवळे कुरव बहुतेक याच अवस्थेत असतात. पुढच्या वसंतात डोक्यावर थोडा गडद रंग चढतो, तो फर्स्ट समर. त्यानंतरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सगळी पिसं बदलतात.

लहान जातींचे कुरव दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत जवळपास प्रौढ दिसू लागतात. ह्यूग्लिन, पलास यांसारख्या मोठ्या कुरवांना प्रौढ रूपाला पोचायला साधारण चार वर्षं लागतात. म्हणून मोठ्या कुरवांच्या बाबतीत ‘अप्रौढ’ एवढं म्हणून काहीच कळत नाही. कितव्या हिवाळ्यातला, ते सांगावं लागतं.

४. आधी वय ठरवा, मग जात, असं तुम्ही सतत सांगता. का?

कारण एकच खूण वेगवेगळ्या वयात वेगवेगळं सांगते. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके नसणं प्रौढ पक्ष्यात एका जातीकडे बोट दाखवतं. पहिल्या हिवाळ्यात त्यावरून काहीच ठरत नाही. डोळ्याचंही तसंच (प्रश्न ७). वय न ठरवता पुस्तकातलं चित्र जुळवायला गेलं की जे चित्र जवळचं वाटतं तेच खरं वाटायला लागतं.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. नांदूरला एका सकाळी दिसलेला कुरव मी गडद डोळ्यावरून काळ्या डोक्याचा म्हणून नोंदवून टाकला होता. घरी मोठ्या पडद्यावर उडतानाचा फोटो उघडला तेव्हा पंखाचं टोक सबंध काळं होतं. पक्षी तपकिरी डोक्याचा, पहिल्या हिवाळ्यातला होता. नोंद दुरुस्त केली. तेव्हापासून क्रम बदलला नाही: शेपूट, पंख, मग बाकीचं.

५. लहान जातीचा कुरव पहिल्या हिवाळ्यातला आहे हे कशावरून ओळखायचं?

तीन जागा बघायच्या. पहिली शेपूट: पांढऱ्या शेपटीच्या टोकाला काळा आडवा पट्टा असेल तर पक्षी अप्रौढ. प्रौढाची शेपूट शुभ्र पांढरी असते. दुसरी जागा पंखावरची लहान झाकणपिसं, म्हणजे उड्डाणपिसांची बुडं झाकणारी पिसं: मिटलेल्या पंखावर करड्या रंगात तपकिरी ठिगळं दिसतात, आणि उडताना ती पंखावर तिरक्या तपकिरी पट्ट्यासारखी उमटतात. तिसरी जागा पंखाची मागची कड: प्रौढात ती स्वच्छ करडी असते, कोवळ्यात काळपट.

तिन्ही दिसल्या तर शंका घेऊ नका. बसलेल्या पक्ष्याची शेपूट पंखाखाली झाकलेली असते, तिथे तपकिरी ठिगळांवर भिस्त ठेवावी लागते.

कानामागचा काळा डाग मात्र वय सांगत नाही. थंडीत प्रौढ पक्ष्यांच्या डोक्यावरचा गडद रंग जाऊन तोच डाग उरतो. ‘डोकं पांढरं आणि कानाशी ठिपका, म्हणून पिल्लू’ असा संदेश दर हिवाळ्यात येतो, आणि फोटोत बऱ्याचदा पूर्ण वाढलेला पक्षी असतो.

६. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघेही पहिल्या हिवाळ्यातले. फरक कसा करायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पंखाच्या टोकाकडच्या लांब उड्डाणपिसांना आपण प्रायमरी म्हणू. सगळा निकाल तिथे आहे. पंख उघडलेला असताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: पांढरा रंग टोकाच्या दिशेने कुठपर्यंत जातो?

काळ्या डोक्याच्या कुरवात बाहेरच्या प्रायमरींवरचा पांढरा रंग पंखाच्या पुढच्या कडेने थेट टोकाजवळ जातो. एक लांबट, निमुळता पांढरा त्रिकोण तयार होतो आणि काळं फक्त टोकांना आणि मागच्या कडेला उरतं.

तपकिरी डोक्याच्या कुरवात पांढरा रंग प्रायमरींच्या बुडाशी थांबतो. त्यापुढचं टोक रुंद आणि सलग काळं असतं. काळ्या टोकाच्या आत, मनगटाजवळ (पंख जिथे दुमडतो तिथे) पांढरा पट्टा, असं चित्र दिसतं. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकात दोन मोठे पांढरे ठिपके असतात, त्यांना मिरर म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात हे मिरर नसतातच. म्हणून पुस्तकातले मिरर शोधत बसलात तर कोवळ्या पक्ष्यापाशी फसाल.

आता खरी अडचण. कोवळ्या काळ्या डोक्याच्या कुरवाची पुढची पांढरी कड प्रौढाइतकी स्वच्छ नसते. सर्वात बाहेरच्या पिसांच्या कडेवर काळी रेघ असते, मनगटाजवळही काळपट खुणा असतात. लांबून त्या रेघेमुळे पुढची कड काळी भासते आणि पक्षी ‘तपकिरी डोक्याचा’ म्हणून नोंदला जातो. रेघ आणि सलग काळं यातला फरक बघा. रेघेच्या आतल्या बाजूला टोकाकडे जाणारा पांढरा पट्टा दिसत असेल तर पक्षी काळ्या डोक्याचा.

पंखाची खालची बाजूही मदत करते. काळ्या डोक्याच्या कुरवात खालून पुढच्या कडेला पांढरी पाचर आणि तिच्यामागे धुरकट पिसं, अशी गडद-फिकी जोडी ठळक दिसते. तपकिरी डोक्याच्या कुरवात खालूनही टोकाचं काळं मोठं आणि सलग दिसतं.

७. डोळ्याच्या रंगावरून ओळखता येत नाही का?

एका बाजूने येतं. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं बुबुळ फिकट असतं. काळ्या डोक्याच्या कुरवाचं कुठल्याही वयात गडदच राहतं. म्हणजे फिकट डोळा दिसला तर काळ्या डोक्याचा कुरव बाद झाला. पण गडद डोळा दिसला तर काहीच बाद होत नाही, कारण कोवळ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही गडद असतो आणि हळूहळू फिका होत जातो. किनाऱ्यावर फिकट डोळा दिसला तर बारीक चोचीचा कुरवही विचारात घ्या (प्रश्न ११).

८. चोच आणि पायांचा रंग?

दोन्ही लहान जातींच्या कोवळ्या पक्ष्यांची चोच फिकट नारिंगी, टोकाला काळी, पाय मळकट नारिंगी. रंगावरून निर्णय घेऊ नका. चोचीची जाडी मात्र उपयोगी आहे: तपकिरी डोक्याच्या कुरवाची चोच अधिक भक्कम असते. सवय झाल्यावर हे नजरेत येतं, पण एकट्या पक्ष्यावर एवढ्यावरच शिक्का मारू नये.

९. पक्षी बसलेला आहे आणि उडतच नाही. मग काय करायचं?

थांबायचं. कुरव तासभर न हलता बसून राहत नाहीत. अंग ताणतात, पंख झटकतात, शेजाऱ्याशी जागेवरून भांडतात. पंख ताणला जाण्याचा तो क्षण कॅमेऱ्यात यायला हवा. त्यासाठी पक्ष्याला उडवू नका. चिखलावर विसावलेला थवा उडवला तर त्याबरोबर शेकाटे, चक्रवाक, थापटे सगळेच उठतात. हिवाळ्यात लांबून आलेल्या पक्ष्यांची विश्रांती आपल्या एका फोटोपेक्षा नक्कीच महत्त्वाची आहे.

थांबत असताना दोन गोष्टी पाहता येतात. मिटलेल्या पंखांच्या टोकांपैकी पलीकडच्या पंखाची खालची बाजू कधी कधी दिसते. तिथे पांढरं असेल तर काळ्या डोक्याच्या कुरवाकडे कल, सगळं काळं असेल तर तपकिरी डोक्याच्या. दुसरी गोष्ट शेजारी दुसरा कुरव असेल तर त्याच्याशी तुलना. तीही प्रश्न १० मधल्या मर्यादेसह.

१०. आकारावरून ओळखू का?

लहान आणि मोठे कुरव वेगळे करायला आकार उत्तम. काळ्या डोक्याचा कुरव साधारण ३७ ते ४३ सेंटिमीटर, तपकिरी डोक्याचा ४१ ते ४५, म्हणजे दोघेही गावकावळ्याच्या आसपासचे. पलासचा कुरव ६० सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठा. नांदूरला तो चक्रवाकाशेजारी उभा असेल तर त्याची बरोबरी करेल.

दोन लहान जातींमध्ये मात्र माप एकमेकांत मिसळतं. शेजारी शेजारी उभे असतील तर तपकिरी डोक्याचा दणकट आणि रुंद छातीचा वाटतो. एकटा असताना दुर्बिणीतून आकाराचा अंदाज करणं धोक्याचं आहे.

११. किनाऱ्यावर एक फारच फिकट, लांब मानेचा कुरव दिसला. कानाशी डाग जेमतेम होता. हा कोण?

बारीक चोचीचा कुरव असण्याची शक्यता मोठी. ठाणे खाडी, उरण या भागात हिवाळ्यात तो चांगला दिसतो. त्याचं कपाळ लांब उतारासारखं थेट चोचीत उतरतं, चोच लांब वाटते आणि मान ताणली की पक्षी वेगळाच दिसतो. पहिल्या हिवाळ्यात पंखावरची तपकिरी ठिगळं काळ्या डोक्याच्या कुरवापेक्षा फिकी असतात, कानामागचा डाग पुसट किंवा नाहीसा, चोच फिकट नारिंगी आणि टोकाचं काळं अगदी थोडं किंवा नाहीच. डोळा पहिल्या हिवाळ्यातच फिका होऊ लागतो.

इथे पंखाचं टोक मदत करत नाही, कारण त्याची पांढरी पुढची कड काळ्या डोक्याच्या कुरवासारखीच असते. प्रश्न ६ मधली कसोटी तपकिरी डोक्याच्या कुरवाला बाजूला काढते. उरलेल्या दोघांत डोक्याचा आकार, चोच आणि डोळा. आखडून बसलेल्या पक्ष्याची मान लांब दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

१२. मार्चमध्ये डोकं गडद झालेला कुरव दिसला, पण शेपटीला काळा पट्टा होता. हे कसं?

हाच फर्स्ट समर. डोक्याची पिसं बदलली, शेपटीची अजून जुनीच. गडद टोपी बहुधा अर्धवट, पांढऱ्या ठिपक्यांची असते. पंखावरची तपकिरी ठिगळं तोवर उन्हाने विटून फिकी झालेली असतात, शेपटीचा पट्टाही झिजतो. एप्रिलमधल्या पक्ष्याचं चित्र नोव्हेंबरच्या चित्राशी जुळणार नाही. जात ठरवण्याची पद्धत मात्र तीच, प्रश्न ६ ची.

‘काळ्या डोक्याचा’ हे नावही इथे गोंधळ करतं. त्या कुरवाची विणीच्या हंगामातली टोपी प्रत्यक्षात गडद चॉकलेटी असते. तपकिरी डोक्याच्या कुरवाची टोपी फिकट तपकिरी, आणि तिची कड मानेकडे अधिक गडद.

१३. मिरर नाहीत म्हणजे पक्षी अप्रौढच, बरोबर?

नाही. दोन अपवाद नेहमी भेटतात.

ऑक्टोबरच्या सुमारास काही प्रौढ कुरवांची पिसं बदलणं संपलेलं नसतं. प्रायमरी आतून बाहेर अशा क्रमाने बदलतात, त्यामुळे टोकाची पिसं सर्वात शेवटी वाढतात. ज्या पिसांवर मिरर असतात तीच अजून अर्धी असतील तर टोक आखूड, बोथट आणि मिररशिवाय दिसतं. शेपूट शुभ्र आणि डोळा फिकट असेल तर तो प्रौढच.

दुसरा अपवाद दुसऱ्या हिवाळ्यातला तपकिरी डोक्याचा कुरव. शेपूट पांढरी, पण मिरर लहान किंवा एकच. अशा पक्ष्याला बळेच ‘प्रौढ’ किंवा ‘पहिला हिवाळा’ म्हणू नका. काळ्या डोक्याच्या कुरवात मात्र दुसऱ्या हिवाळ्यातला पक्षी बहुतेक वेळा प्रौढापासून वेगळा काढता येत नाही, आणि तसा प्रयत्न करायची गरजही नाही.

१४. घारीएवढा कुरव, पाठ करडी, शेपटीला काळा पट्टा. पुस्तकात असा प्रौढ सापडत नाही.

कारण तो प्रौढ नाही. पलासच्या कोवळ्या कुरवाचं हे नेहमीचं चित्र. त्याची पाठ पहिल्याच हिवाळ्यात करडी होते, बाकीचे मोठे कुरव त्या वयात तपकिरी चट्ट्यांनी भरलेले असतात. शेपूट शुभ्र पांढरी आणि टोकाला रेघ मारल्यासारखा स्पष्ट काळा पट्टा. डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी आणि डोळ्यामागे काळपट छाया. मानेच्या मागे तपकिरी रेघांची शाल. चोच लांब, बुडाशी फिकट, टोकाला काळी. कपाळ लांब आणि सपाट, त्यामुळे चेहरा इतर कुरवांपेक्षा वेगळा वाटतो.

दुसऱ्या हिवाळ्यात शेपटीचा पट्टा अरुंद होतो आणि पंखावरचं तपकिरी जवळपास जातं. प्रौढांना काळी टोपी लवकर चढते. जानेवारी-फेब्रुवारीत भिगवणला टोपीवाले पलास दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

१५. मग करड्या पाठीचा, दुसऱ्या हिवाळ्यातला ह्यूग्लिनचा कुरव आणि कोवळा पलास यात गोंधळ होणार नाही का?

होतो, किनाऱ्यावर हमखास. ह्यूग्लिनच्या पाठीचा रंग पाटीसारखा गडद करडा, पलासचा फिकट. ह्यूग्लिनच्या शेपटीवरचं काळं जास्त पसरलेलं आणि कडा अस्पष्ट. पलासचा पट्टा कापून लावल्यासारखा. ह्यूग्लिनच्या डोळ्याभोवती पलाससारख्या ठळक पांढऱ्या चंद्रकोरी नसतात. पंख उघडला की पलासच्या पंखाच्या मधोमध फिकट करडा पट्टा उठून दिसतो, ह्यूग्लिनचा पंख त्या वयात तपकिरी-काळपटच असतो.

१६. सबंध तपकिरी मोठा कुरव किनाऱ्यावर होता. ह्यूग्लिन, स्टेप की कॅस्पियन?

पहिल्या हिवाळ्यातला मोठा तपकिरी कुरव आपल्या किनाऱ्यावर दिसला तर ह्यूग्लिनपासून विचार सुरू करावा. चोच काळी, पाय गुलाबीसर, पंखाच्या आतल्या प्रायमरीही गडद, शेपटीला रुंद काळा पट्टा. ह्यूग्लिन उत्तर रशियाच्या टुंड्रातून येतो. स्टेप कुरव त्याच्या दक्षिणेकडे, कझाकस्तानच्या बाजूने. काही याद्या या दोघांना लेसर ब्लॅक-बॅक्ड गल या जातीच्या उपजाती मानतात, काही ह्यूग्लिनला स्वतंत्र जात मानतात. म्हणून एकाच पक्ष्याला दोन जणांनी दोन नावं दिली तर दोघेही बरोबर असू शकतात. नाव लिहिताना कोणती यादी वापरली तेवढं सांगा.

कोवळ्या वयात हे गट एकमेकांत इतके मिसळतात की एका फोटोवरून ठाम नाव देणं मला पटत नाही. कॅस्पियन म्हणायचं असेल तर उघड्या पंखाची वरची आणि खालची बाजू, शेपूट, डोक्याचा एका बाजूने फोटो, हे सगळं हाताशी हवं. डोकं पांढरं दिसतं एवढं पुरेसं नाही. भर उन्हात पांढरं डोकं कॅमेऱ्यानेही तयार होतं.

१७. छातीवर गुलाबी छटा होती. ही वेगळी जात का?

नाही. बारीक चोचीच्या कुरवाच्या, आणि कधी काळ्या डोक्याच्याही, छातीवर गुलाबी झाक असते. जात ठरवताना तिला बाजूला ठेवा.

१८. फोटो कसा काढला म्हणजे ओळख सोपी जाईल?

पांढरा पक्षी आणि चमकतं पाणी, यात कॅमेरा फसतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. पांढरं जळून गेलं की प्रायमरीवरची पांढरी पाचर आणि आजूबाजूचं करडं एकच होतं, आणि आपल्याला हवी असलेली नेमकी तीच माहिती जाते. सूर्य पाठीशी घ्या. उलट्या उजेडात कोवळ्या पक्ष्याच्या पंखाची मागची कड आणि टोक दोन्ही काळी सावली होऊन जातात.

पक्षी उडाला की एक फोटो काढून थांबू नका, सलग घ्या. पंख वर असतानाचा आणि खाली असतानाचा, दोन्ही फ्रेम हव्यात. पक्षी लहान आला तरी चालेल. बसलेल्या पक्ष्याच्या देखण्या फोटोपेक्षा उडतानाचा धूसर फोटो ओळखीसाठी जास्त कामाचा.

१९. मांडवा किंवा एलिफंटाच्या बोटीवर लोक कुरवांना गाठिया टाकतात. सरावाला ती जागा चांगली का?

सरावाला फार चांगली. कुरव हाताच्या अंतरावर उडतात, वरून-खालून पंख दिसतो, एका फेरीत प्रौढ आणि कोवळे दोन्ही भेटतात. पण गाठिया तुम्ही टाकू नका. तळलेलं, खारट खाणं त्या पक्ष्यांचं अन्न नाही, आणि ते टाकल्याशिवायही कुरव बोटीमागे येतातच.

२०. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची आहे, पण जात नक्की नाही. काय लिहू?

‘गल एसपी.’ (म्हणजे जात न ठरलेला कुरव) निवडा, संख्या लिहा, फोटो जोडा. ही अर्धवट नोंद नाही, खरी नोंद आहे. चुकीच्या नावाने टाकलेला पक्षी पुढे नकाशात आणि यादीत मुरतो, आणि कोणीतरी नाशिकच्या हिवाळी पाहुण्यांचा अभ्यास करायला बसलं की त्याच्या हिशेबात येतो. आपल्या जिल्ह्यात कुरवांच्या नोंदी मुळातच मोजक्या आहेत. त्यातली प्रत्येक नोंद खरी असावी असं मला मनापासून वाटतं. नंतर फोटोवरून जात कळली तर नोंद बदलता येते.

२१. ओळख विचारताना काय काय पाठवू?

तारीख आणि ठिकाण आधी लिहा, कारण नोव्हेंबरचा पक्षी आणि एप्रिलचा पक्षी वेगळे वाचावे लागतात (प्रश्न १२). मग मूळ फोटो, रंग-उजेड न बदललेले आणि न कापलेले. शेजारचा वारकरी किंवा शेकाट्या पक्षी चौकटीत असेल तर राहू द्या, आकाराला तोच आधार असतो. उघड्या पंखाची एक तरी फ्रेम, शेपूट दिसणारी एक, डोकं-चोच एका बाजूने दिसणारी एक. आणि तुम्हाला पक्षी कोणता वाटला, कशावरून वाटला, तेही लिहा. तुमचं कारण वाचलं की चूक नेमकी कुठल्या पिसापाशी झाली ते दाखवता येतं.